काकांचं स्वच्छ ताट

काकांचं जेवून झालेलं ताट धुवायचं तरी कशाला, असा प्रश्न मला इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या त्या घरात रोज पडायचा. शेवटचं शीतसुद्धा बोटानं टिपलेलं असायचं. मी नागपूरहून नोकरीसाठी आलेला, त्यांच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. माझ्या पानात भात उरला की म्हणायचे, "पानात टाकायचं नाही. करणाऱ्याचा अपमान होतो."

दुसऱ्याच्या अपमानाला एवढं जपणाऱ्या या माणसानं एकुलत्या एका लेकीच्या लग्नाला मात्र गुडघ्याचं निमित्त करून दांडी मारली होती. गौरीनं चिनी मुलाशी वुहानमध्ये लग्न केलं आणि ती तिकडेच राहिली. लग्नात तिच्याकडचं म्हणून कुणीच नव्हतं. सासऱ्यांनीच दोन्हीकडचं निभावून नेलं. हे काकांना आतून खात होतं. शेवटी सहा वर्षांनी बेसनाचे लाडू बांधून ते निघाले, व्याह्यांची माफी मागायला.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. "अरे, वाटी रिकामी केली की हा व्याही पुन्हा भरतो! कमळकाकडीचं सूप. चार वाट्या झाल्या!"

मागून गौरी ओरडत होती, "बाबा, प्लीज, थोडं ठेवा ना! मग त्यांना कळतं की तुमचं पोट भरलं."

काका कसले ऐकतात! आठ दिवस एक म्हातारा वाढत राहिला, दुसरा संपवत राहिला. मी हसून हसून बेजार झालो होतो. आता काका नाहीत, आणि त्या हसण्याची मला लाज वाटते.

कारण माफी राहूनच गेली. रोज संध्याकाळी व्याही त्यांना फेरीबोटीनं नदीपार न्यायचे. पलीकडचा काठ धूसर दिसावा एवढी ती नदी, मधून मालवाहू बोटींची रांग, आणि कठड्याला टेकून हे दोघे गप्प. दुभाषी म्हणजे गौरीच, आणि तिच्यासमोर काकांची जीभ उचलेना.

"काका, फोनमध्ये ट्रान्सलेशनचं ॲप आहे ना," ते परतल्यावर मी म्हणालो.

"माफी काय मशीनकडून मागवायची? स्प्रिंगमध्ये परत जातो. गौरीसमोरच बोलतो. तिचीही मागायचीच आहे."

जानेवारीतल्या एका दुपारी आम्ही जेवत असताना गौरीचा फोन आला. व्याही गेले होते. काका म्हणाले, "गौरी, लग्नाला यायला हवं होतं गं मी."

फोन ठेवून ते पुन्हा जेवायला बसले. वरणभात संपवत आणला. शेवटचा घास मात्र त्यांनी कडेला सारला आणि ताट पुढे लोटलं.

"पोट भरलं म्हणावं त्यांना," काका म्हणाले.

ताट मी उचललं. तो घास काही मला टाकवेना.