मोठं चाक आणि पन्नासचा काटा

माझ्या मोटारसायकलच्या मीटरच्या काचेवर एक लाल टिकली चिकटवलेली आहे. आमगावला माझ्या हार्डवेअरच्या दुकानासमोर गाडी उभी असली की गिऱ्हाईक विचारतं, "नजर लागू नये म्हणून का जी?" मी हो म्हणतो. कमी बोलायची सवय मला लहानपणापासूनची. फार सोयीची सवय आहे ही. माणूस गप्प राहिला की त्याला कोणी खोटारडा म्हणत नाही. पण त्या टिकलीचं खरं कारण आता सांगून टाकतो.

बायकोचा धाकटा भाऊ मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्यानंतर आमच्या घरात स्कूटरपेक्षा मोठं काही आलं नाही. पन्नाशी जवळ आली तसा मी एक जुनी क्रूझर मोटारसायकल बघून ठेवली, तेव्हा बायको माझ्याशी फक्त ताटापुरती बोलायची. मग शिवरात्रीला मला आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडला घेऊन गेली. महादेवासमोर, मागून लोक ढकलत असताना, माझा हात धरून म्हणाली, "म्हणा, काटा पन्नासच्या वर जाणार नाई." मी म्हटलं. नंतर तिथल्याच दर्ग्यातही तेच म्हणायला लावलं. "दोघांयच्या कानावर असू द्या."

गाडी आली. ती मागं बसायची आणि माझ्या खांद्यावरून मान काढून काट्याकडे बघत राहायची. काटा पन्नासला टेकला की खांद्यावर दोन बोटं वाजवायची. मी हात सैल सोडायचो. रस्त्यानं कुठं कोणाचं धान कापून झालं, कोणाच्या दारात नवा ट्रॅक्टर आला, हे तिला कधी दिसलंच नाही. तिचं लक्ष काट्यावर.

मग मला मोठ्या चाकाचं वेड लागलं. पुढं एकवीस इंची चाक, बारीक टायर, वर उचललेला मडगार्ड. गोंदियात असलं काम करणारा एक मिस्त्री आहे, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि बोलायची हौस. त्यानं चाकाच्या मधला जुनाच हब ठेवला, त्यावर लांब स्पोक घालून मोठी रिम बसवली. गाडी पुढून उचलली गेली, तर स्टँड तोकडा पडून ती कलायला लागली. मग स्टँडला तुकडा वेल्ड केला. सगळं झाल्यावर हात पुसत तो म्हणाला, "एक बात है भैया. मीटर आगे के चक्के से चलता है. चक्का बड़ा, तो हर चक्कर में गाड़ी ज्यादा जाएगी, मीटर को पता नहीं चलेगा. वो पचास बोलेगा, आप अट्ठावन पे रहोगे. दूसरा मीटर लगा दूँ?"

"बाद में देखेंगे," मी म्हणालो.

खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला होता.

घरी आलो. बायको चाकाभोवती फिरली. "हे का रेंगीचं चाक बसवून आणलं जी? आता बैल कुठून आणता?" मी हसलो. मीटरचं सांगायला तोंड उघडलं होतं, पण ती पदर खोचून मागं बसलीसुद्धा. "चला, दाखवा रेंगी कशी पळते ते." काटा पन्नासला टेकला, तिनं दोन बोटं वाजवली. शपथ शाबूत होती. मी अठ्ठावन्नवर होतो. तेव्हापासून असंच चाललं. महादेवाला मीटरमधलं काय कळतं, असंही मनात आलं. मग त्याचीही लाज वाटली.

गेल्या कापणीच्या दिवसांत तिरोड्याहून लग्न आटोपून येत होतो. एका गावाजवळ अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलं होतं. समोरून ट्रॅक्टर आला, मी कडेला घेतलं आणि ते बारीक पुढचं चाक दाण्यांवर सरकलं. गाडी वाकडीतिकडी होत दोन्ही पायांवर कशीबशी थांबली. आम्ही पडलो नाही. ढिगाजवळचा म्हातारा फावडं घेऊन आला.

"एवढी जोरात कायले आणता? धान तुडवलं, मेले असते तं मह्याच नावानं बोंब झाली असती."

मी काही बोलायच्या आत बायको उतरली. आवाज खणखणीत होता तिचा. "जोरात नोका म्हणू बाबा. पन्नासवर होते हे. मी काटा पाहून रायली होती. हा माणूस शपथ मोडणारा नाई."

म्हातारा तिच्याकडे पाहत राहिला आणि फावड्यानं धान सारखं करू लागला. मीही खाली बसून हातानं दाणे गोळा करू लागलो. मान वर करता येईना.

पुढं कालव्याच्या पुलावर गाडी थांबवली आणि सगळं सांगितलं. मिस्त्री काय म्हणाला, मी काय म्हणालो, आणि मला बरं वाटलं होतं, तेसुद्धा.

ती उतरून कठड्याशी गेली. मग म्हणाली, "मंग इतके दिवस मी काय पाहून रायली होती?"



"चाक काढून टाकतो," मी म्हणालो.

"कायले? चाकानं काय केलं?" तिनं पिशवीतून मोबाइल काढला. "ह्याच्यात दिसते ना गाडीचा स्पीड? चालवा. सांगते मी."

मोबाइलवर पन्नास झाले तेव्हा तिनं खांद्यावर थाप मारली. दोन बोटं नव्हती ती, पुरता पंजा होता. "काटा कुठं हाय?"

"त्रेचाळीसवर."

घरी आल्यावर पाकिटातली टिकली काढून तिनं मीटरच्या काचेवर त्रेचाळीसपाशी चिकटवली. पुढच्या सोमवारी प्रतापगडला नेलं. देवासमोर मला काही म्हणायला लावलं नाही, स्वतःच काहीतरी पुटपुटली. काय, ते मी विचारलं नाही.

परतताना पाहिलं तर उन्हानं डिंक सुकून टिकली कुठंतरी पडली होती. मीच सांगितलं. गप्प राहिलो असतो तर तिला घरी पोचेपर्यंत कळलं नसतं. तिनं मला गाडी थांबवायला लावली, आपल्या कपाळाची टिकली काढली, माझ्या खांद्यावरून हात लांबवून काचेवर दाबून बसवली.

"चला आता," म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा ती मागून बोलत राहिली: कोणाचं धान अजून उभं आहे, कोणाच्या दारात काय आलं.