तळ्याकाठच्या दोन खोल्या

लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत त्या दोघांना वरचा आणि खालचा म्हणत. खरी नावं फक्त हजेरीच्या कागदावर उरली होती. वरचा इमारतीच्या माथ्यावर, मशीन रूममध्ये, मोटर आणि मेन स्विचपाशी. खालचा तळाच्या खड्ड्यात, लिफ्टच्याही खाली, जिथे ग्रीस, धूळ आणि लोकांच्या हातून पडलेल्या किल्ल्या असतात. तेवीस वर्षं ही वाटणी बदलली नाही, कारण वरच्याचे गुडघे कुरकुरायचे आणि खालच्याला उंचीवर गरगरायचं. कुणी काम टाळताना दिसलं की बाकीचे म्हणायचे, "अरे, वरचा सगळं बघतोय!" आणि वरचा खरोखरच जिन्यातून डोकावून बघत असायचा.

खालचा त्याचा मेहुणाही होता. आधी नुसता मित्र. एका रविवारी जेवायला आला, मग दर रविवारी येऊ लागला. आपल्याशी गप्पा मारायला हा येत नाही, हे वरच्याच्या लक्षात यायला तीन महिने लागले. तोवर त्याच्या धाकट्या बहिणीने सगळं ठरवून टाकलं होतं. लग्नानंतर दोन्ही घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहिली आणि एकमेकांच्या घरात डबे, छत्र्या, भांडणं अशा सगळ्याची ये-जा चालू राहिली.

वरचा स्वभावाने धास्तीखोर. घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघायचा, गॅसचं बटण दोनदा. बायको म्हणायची, "चौथ्यांदा ओढलंत तर कुलूपच हातात येईल." पण कामात हाच स्वभाव उपयोगी पडला. तेवीस वर्षांत त्याच्या हातून कुणाला खरचटलंही नव्हतं.

दोघांनी एकत्र सुट्टी मात्र कधीच घेतली नव्हती. दोघं एकदम गेले की काम अडायचं, म्हणून कंपनी रजाच द्यायची नाही. सुट्टीचं वेड डोक्यात घातलं एका निवृत्त शिक्षिकेने. दोघं तिच्या इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करत असताना ती आपल्या माहेरच्या गावाबद्दल बोलत राहिली. मोठं तळं, काठाने झाडं, दुपारी चार वाजताही रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि दोन मजल्यांच्या वर एकही इमारत नाही.

"म्हणजे लिफ्ट नाही?" खालच्याने विचारलं.

"कशाला हवी लिफ्ट?"

"ठरलं," खालचा म्हणाला. "तिथंच जायचं."

ठरायला त्यानंतरही दोन वर्षं गेली. शेवटी दोघांची आठ दिवसांची रजा एकदम मंजूर झाली, तेव्हा बहिणीने मुलांची एक जुनी वही काढली आणि चौघं दर रविवारी तिच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसू लागले. आठ दिवस बायका स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाहीत, हा पहिला नियम. कंपनीचा फोन आला तर उचलायचा नाही, हा दुसरा. होडीत बसायचं की नाही यावर तीन रविवार गेले. खालच्याला पाण्याची भीती वाटायची, आणि ती मान्य करण्यापेक्षा तो होड्या बनवणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घ्यायचा. वरच्याच्या बायकोने थंडीसाठी निळा स्वेटर घेतला आणि रोज एकदा घालून बघू लागली. खोल्यांचं बोलायचं काम वरच्याने अंगावर घेतलं. शिक्षिकेची एक चुलत बहीण तळ्याकाठी पाच-सहा खोल्या भाड्याने द्यायची. तिला त्याने इतके प्रश्न विचारले, की ती एकदा वैतागून म्हणाली, "अहो, आधी येऊन राहा तरी!"

जायला बारा दिवस उरले होते. सकाळी दोघं एका आठ मजली इमारतीत नेहमीच्या तपासणीला गेले. त्यांचा एक नियम होता. खड्ड्यातलं काम संपलं की वरच्याने फोन लावून विचारायचं, "आलास?" खालच्याने म्हणायचं, "बाहेर." तो शब्द कानाने ऐकल्याशिवाय मेन स्विच वर करायचा नाही.

खालचा खड्ड्यात असताना वरच्याचा फोन वाजला. तळ्याकाठच्या बाई होत्या. एका कुटुंबाला तळ्याकडच्या दोन खोल्यांपैकी एक हवी होती, तुमचं काय ते आत्ता सांगा, म्हणाल्या. वरचा चार-पाच मिनिटं बोलला. दोन्ही खोल्या तळ्याकडे तोंड करूनच हव्यात, बहिणीला सांगून बसलोय, असं म्हणाला. बाईंनी शेवटी हो म्हटलं. फोन ठेवताना त्याला इतका आनंद झाला होता, की खाली जाऊन कधी सांगतो असं झालं. घड्याळ पाहिलं. दहा मिनिटांचं काम, वीस मिनिटं झाली होती. केव्हाच बाहेर आला असणार, असं वाटलं. त्याने स्विच वर केला.

खालचा बाहेर आला नव्हता. त्याचं काम झालं होतं, लिफ्ट रोखून धरणारं खड्ड्यातलं लाल बटण त्याने मोकळं केलं होतं, एक पाय शिडीवर टाकलाही होता. तेवढ्यात लिफ्टच्या वजनाखाली राहिलेला पाना दिसला म्हणून तो परत वाकला. लिफ्ट वर जाते तेव्हा तिच्या तोलाचं हे लोखंडी वजन खाली येतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी वाट बघून बटण दाबत होतं. लिफ्ट वर निघाली.

ओरडणं आठ मजले वर ऐकू आलं.

खालच्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी वरच्याला केबिनमध्ये बोलावलं, स्वतः खुर्ची ओढून दिली. "त्याने लाल बटण सोडलं होतं. हे खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मग तेवढंच लिहू. खोटं काही लिहायला सांगत नाही मी. कर सही."

वरच्याने सही केली. फोनबद्दल कुणी विचारलं नव्हतं. आणि कागदावर जे लिहिलं होतं, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

खोटं तो त्याच संध्याकाळी बोलला. हॉस्पिटलात खालचा पहिल्यांदाच नीट शुद्धीवर होता. अपघाताआधीची काही मिनिटं त्याच्या डोक्यातून पुसली गेली होती. पाना आठवत होता, पुढचं काही नाही.

"चूक माझीच रे," तो म्हणाला. "बटण सोडून परत वाकलो. नवशिक्यासारखं. पण 'बाहेर' म्हटलं असणार मी. सवयीने तोंडातून गेलं असेल. म्हटलं ना?"

वरचा पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होता. "हं," तो म्हणाला.

बस्, एवढंच. पण त्यानंतर त्याला जेवण जाईना. कुणी नुसतं "काय रे?" म्हटलं तरी दचकायचा. कुलूप ओढून बघणं त्याने सोडून दिलं, आणि त्याच्याऐवजी बायको ते ओढून बघू लागली.

सुट्टी रद्द झाली असं सगळ्यांनी धरलं होतं. खालच्याने धरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, चार महिने, तर तो म्हणाला, मग चार महिन्यांनी जाऊ. वही त्याने उशाशी मागवून घेतली. "बाईंना विचार, पायऱ्या किती आहेत? बाथरूमचं दार किती रुंद? मोज म्हणावं, अंदाजाने सांगू नका." नर्सलाही त्याने तळ्याबद्दल सांगितलं होतं. त्या आठ दिवसांना धरून तो उठून बसायला शिकत होता, हे दिसत होतं. आणि प्रत्येक प्रश्न घेऊन वरच्याला हॉस्पिटलच्या आवारात जावं लागायचं, त्याच बाईंना फोन लावावा लागायचा. तीन पायऱ्या. दार अडीच फूट. तो उत्तरं आणायचा, खालचा वहीत लिहायचा आणि म्हणायचा, "तू नसतास तर कोण करणार होतं रे हे सगळं?"

पाचव्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. खालच्याला ऑफिसातल्या तक्रारीच्या फोनवर बसायचं काम मिळेल अशी आशा होती. पत्रात लिहिलं होतं, की अपघात त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने झालेला असल्यामुळे तसा विचार करता येत नाही. बहिणीने ते पलंगाशी उभं राहून वाचलं. वरचा आणि त्याची बायकोही तिथेच होती.

"बरोबर आहे त्यांचं," खालचा म्हणाला आणि वहीची पानं उलटू लागला.

बहिणीने पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मग एकदम म्हणाली, "दादा, त्या बाईंचा नंबर दे मला. आता पुढचं मीच बोलते. तू किती धावशील?"

"नको," वरचा म्हणाला. "म्हणजे... नंबर गेलाय फोनमधून."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. सकाळीच त्याने तिच्यादेखत त्या बाईंना फोन लावला होता.

परत जाताना ती बस थांब्यावरच्या बाकावर बसली. बस आली, तरी उठली नाही. "काय आहे त्या नंबरात?" तिने विचारलं. त्याने सगळं सांगितलं. ती मांडीवरच्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत ऐकत राहिली. सांगून झाल्यावर तो म्हणाला, "उद्या सांगतो त्याला. जरा नीट विचार करून..."

"आत्ता," ती म्हणाली. "उद्यापर्यंत तुम्ही मलाही पटवाल."

भेटायची वेळ संपायला अर्धा तास होता. दोघं परत गेली. बहीण खालच्याला संत्र सोलून देत होती. वरचा पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. तिथे चादर एका बाजूला सपाट होती. तिच्याकडे बघतच तो बोलला.

"तू 'बाहेर' म्हटलं नव्हतंस. मी विचारलंच नव्हतं. मी फोनवर होतो, आणि फोन ठेवून तसाच स्विच वर केला."



"कुणाशी बोलत होतास?" खालच्याने विचारलं.

"त्या बाईंशी. खोल्यांचं."

खालच्याने डोळे मिटले. "मिळाल्या का दोन्ही तळ्याकडच्या?"

"मिळाल्या."

"हं."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. बहिणीने हातातल्या फोडी परत सालीत ठेवल्या. तिचा आवाज चढला नाही. "तू जा इथून," ती म्हणाली. "वहिनी थांबली तर चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या टेबलावर वरच्याने दुसरा जबाब ठेवला. दोन पानं, स्वतःच्या हाताने लिहिलेली. साहेबांनी वाचून चष्मा काढला. "यात तू संपतोस, कळतंय ना? त्याचा पाय काही परत येत नाही."

"कळतंय."

"मेहुण्याने लिहायला लावलं?"

"तो माझ्याशी बोलत नाही," वरचा म्हणाला.

चौकशी दोन महिने चालली. वरच्याचा परवाना गेला. कंपनीने काढून टाकलं नाही, तळघरातल्या स्टोअरमध्ये बसवलं. तिथे नट, रोलर, दोर, बटणं रॅकवर लावायची आणि मागतील त्यांना द्यायची. जुने सहकारी खिडकीशी येत, लागेल ते घेत आणि लगेच जात. थट्टा कुणी करत नव्हतं. खालच्याला तक्रारीच्या फोनवरचं काम मिळालं. तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळ. दोघं एकाच इमारतीत होते, पण खालचा येई पुढच्या दाराने आणि वरचा मागच्या.

अपघाताला चार महिने झाले, तेव्हा बहिणीने वहिनीला फोन केला. "आम्ही जातोय. दोघंच. एक खोली सोडून द्यायला सांग त्याला."

वरच्याने बाईंना फोन लावला. "एकच खोली राहू द्या."

"का हो? कुणी आजारी आहे का?"

"नाही. आम्हा दोघांना यायला जमत नाहीये." मग जरा थांबून तो म्हणाला, "त्या तीन पायऱ्यांवर फळी टाकून घेता येईल का? उतार जरा लांब ठेवायला सांगा सुताराला. आखूड ठेवला तर काठी घसरेल." बाईंनी मापं विचारली. त्याने सांगितली. हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही.

ते आठ दिवस घरात अवघड गेले. पहिल्या दिवशी बायकोने निळा स्वेटर कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात टाकला आणि कपाटाचं दार आपटलं. "मी काय केलं होतं?" ती म्हणाली. "सांगायला मीच लावलं ना तुम्हाला? मग मला का नाही न्यायचं?" ती रडली, मग उठून कणीक मळायला लागली, आणि तो शेजारी उभा राहून भांडी पुसत राहिला.

बहीण आणि खालचा परत आल्याचं त्याला शेजाऱ्याकडून कळलं. आठवडा गेला, दुसरा गेला. एका दुपारी स्टोअरमधला फोन वाजला.

"स्टोअर," वरचा म्हणाला.

"तक्रार विभाग." आवाज ओळखायला वेळ लागला नाही. "दरवाजाचे रोलर आहेत का? चार नंबरचे?"

"आहेत."

"किती?"

"सहा."

"दोन बाजूला ठेव. माणूस पाठवतो."

"ठेवतो."

फोन बंद झाला नाही. पलीकडे दुसरा एक फोन वाजत होता, तो कुणी उचलत नव्हतं.

"फळी चांगली होती," खालचा म्हणाला. "थोडी अरुंद होती, पण चांगली होती."

वरच्याने काउंटरची कड धरली. "पाय दुखतो का?" त्याने विचारलं.

"दुखतो. नसलेला जास्त दुखतो." खालच्याने घसा खाकरला. "हे बघ, मला अजून राग आहे. कधी जाईल, मला माहीत नाही."

"बरं."

"वहिनीला सांग, हिने तिच्यासाठी काहीतरी आणलंय. रविवारी येऊन घेऊन जा म्हणावं."

"सांगतो. आणि मी?"

पलीकडचा दुसरा फोन वाजायचा थांबला.

"तू रोलर काढून ठेव आधी," खालचा म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

वरचा उठला. चौथ्या रॅकवरून त्याने रोलरचं खोकं काढलं. सहाही बाहेर काढून एकेक बोटावर फिरवून पाहिला, त्यातले बिनआवाजाचे दोन निवडले, कागदात गुंडाळले, आणि वर पेन्सिलीने तक्रार विभाग असं लिहून खिडकीत ठेवले. रविवारला अजून तीन दिवस होते.