सासूबाईंनी मिक्सर उघडला त्याची गोष्ट

लग्न होऊन मी संगमनेरहून शेवगावला आले, तेव्हा माहेरच्यांनी दिलेला मिक्सर माझ्यासोबत आला. नव्वदीची सुरुवात होती आणि आमच्या गल्लीत तेव्हा मिक्सर मोजक्याच घरांत होते. माझ्या नवऱ्याची नोकरी नगरला, ते शनिवारी यायचे. आठवडाभर घरात आम्ही तिघंच, सासू, सासरे आणि मी.

सासरे शाळेत गणित शिकवायचे आणि विजेला भयंकर घाबरायचे. बल्ब बदलायचा तरी मेन स्विच बंद करून, पायात रबरी चप्पल घालून, आम्हा दोघींना अंगणात उभं करून मगच स्टुलावर चढायचे. सासूबाई चौथी शिकलेल्या. घरी ब्लाऊज शिवायच्या. शिलाई मशीन अडलं की स्वतःच खोलायच्या, पुसायच्या, तेल द्यायच्या. पण विजेच्या वस्तूला त्यांनी हात लावू नये, अशी सासऱ्यांची सक्त ताकीद होती.

वर्ष-दीड वर्षाने मिक्सर नाटकं करायला लागला. बाजूने चापट मारली की चालायचा. मग दोन चापटा लागू लागल्या. एका सोमवारी शेंगदाण्याची चटणी अर्धी वाटून झाली आणि तो थांबला. तळाचं लाल बटण दाबलं, तापून बंद पडला तर एरवी तेवढ्याने भागायचं. पण छे! मला रडूच फुटलं. माहेरची वस्तू माझ्या हातून मोडली, असंच वाटलं.

सासऱ्यांनी तडक मिक्सर पिशवीत घातला. "शनिवारी तो आला की त्याच्यासोबत नगरला पाठवू."

"आन् तवर वाटन पाट्यावर?" सासूबाई म्हणाल्या. "मला बघू द्या एकदा."

"अगं, करंट असतो त्यात!"

"पिन काढल्यावर कुठनं येनार करंट?"

सासरे अंगणात जाऊन उभे राहिले.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, मिक्सर तुझा हाय. खोलू का?"

इतकी वर्षं झाली, पण तो प्रश्न मला अजून आठवतो. मी मानेनेच हो म्हटलं.

त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, त्यावर शिवणाच्या खडूने मिक्सरच्या तळाचा आकार काढला आणि जो स्क्रू जिथून निघेल तो तिथेच ठेवला. आत मोटारीच्या दोन बाजूंना दोन काळे, चौकोनी तुकडे होते, प्रत्येकामागे बारीक स्प्रिंग. एक तुकडा नखाएवढा, दुसरा झिजून हरभऱ्याच्या डाळीएवढा झालेला.

"हे बघ. ह्यो टेकतच न्हाई आतल्या चाकाला. म्हनून चापट मारली की चालायचा."

दोन्ही तुकडे रुमालात बांधून आम्ही बाजारात निघालो. तिथे शेतावरच्या पाण्याच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणाऱ्या रिवायंडिंगवाल्याचं दुकान होतं. आत सगळे पुरुष, तांब्याच्या तारेची वेटोळी आणि वार्निशचा वास. दुकानदार मान वर न करता म्हणाला, "मावशी, घरच्या मानसाला पाठवा, त्यांना समजंल."

सासूबाईंनी रुमाल सोडून काउंटरवर ठेवला. "समजायचंय काय त्यात? हे झिजल्यात. अशीच नवी जोडी द्या. थोडी मोठी असली तरी चालंल, मी घासून घेते."

दुकानदाराने आता मान वर केली. डबे धुंडाळून एक जोडी काढली आणि म्हणाला, "कार्बन म्हनत्यात ह्याला. पॉलिशपेपरवर घासा, सरळ घासा. आन् पहिल्यांदा भांडं न लावता मोकळा फिरवा."

घरी येऊन त्यांनी कार्बन घासले, बसवले, स्क्रू खडूच्या खुणेवरून एकेक जागेवर गेले. शेवटी एक स्क्रू उरलाच! आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. सासरे खिडकीतून म्हणाले, "मी म्हणालो होतो." तो स्क्रू शिलाई मशीनचा निघाला. कालच पडलेला आणि त्याच वर्तमानपत्राच्या घडीत अडकून राहिलेला.

पिन लावली. बटण फिरवलं. आत थोड्या ठिणग्या दिसल्या, जरा वास आला आणि मग मिक्सर असा घुमला की सासरे अंगणातून थेट रस्त्यावर गेले. राहिलेली चटणी त्याच संध्याकाळी वाटली. सासऱ्यांनी दोनदा मागून घेतली.

मग गल्लीतल्या बायका येऊ लागल्या. कुणाच्या कुकरची शिट्टी होईना, कुणाची इस्त्री तापेना. सासूबाई आधी विचारायच्या, "पिन काढली का?" मगच हात लावायच्या. न जमणाऱ्या गोष्टीला सरळ "हे मला न्हाई येत" म्हणायच्या.

एक दिवस खुद्द रिवायंडिंगवाला आमच्या दारात. हातात घरचा मिक्सर. "मावशी, मोटार दोनदा खोलली. फिट हाय. पन भांडं लावलं की नुसता गुरगुरतो."

सासूबाईंनी मोटारीकडे पाहिलंही नाही. भांडं उचलून आतलं पातं बोटाने फिरवून पाहिलं. ते हलेना.

"चिंच वाटली हुती का?"

"व्हय, परवा."

त्यांनी भांड्यात कढत पाणी ओतलं आणि रिवायंडिंगवाल्याला चहा दिला. चहा संपेस्तोवर खाली चिकटलेली चिंच सुटून पातं सैल झालं होतं. थेंबभर गोडं तेल सोडल्यावर ते भिंगरीसारखं फिरायला लागलं.

"मी आपला मोटारीतच डोकं घालून बसलो!" तो इतक्या मोठ्याने हसला की सासरे पुस्तक मिटून बाहेर आले. काय झालं ते त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खुर्ची ओढली आणि त्याला म्हणाले, "बसा हो अजून जरा. आमच्या हिला विचारा, आमचा बंद पडलेला पंखा पण बघेल का ती?"