पटावरची एकोणचाळीस मुलं

ॲव्हरिल थर्लबी आमच्या शाळेच्या कचेरीत सत्तावीस वर्षं बसली. मी तिच्या शेजारीच, स्वयंपाकघरात. मधल्या भिंतीला सरकती खिडकी होती आणि ती कधीच धड लागायची नाही. त्यामुळे त्या ऑक्टोबरात जे घडलं त्यातलं बरंचसं मी उकडलेले बटाटे कुस्करता कुस्करताच ऐकलं.

आमचं गाव सॉल्टर्स ड्रोव्ह, लिंकनशायरमधल्या बॉस्टनपासून अकरा मैलांवर. चहूकडे कोबी, फ्लॉवर आणि पाण्याचे सरळसोट चर. ॲव्हरिल नोकरीला लागली तेव्हा पटावर एकशे बारा मुलं होती. पुढे शेतात यंत्रं आली, तरुण पोरं लीड्स नाहीतर लंडन गाठू लागली आणि पट एकोणतीसवर घसरला. तेव्हाच शाळेला कुलूप लागलं असतं. पण कोबी कापायला आणि भाजी खोक्यांत भरायला लिथुआनियातून, पोलंडमधून माणसं आली. मागून त्यांची लेकरं आली आणि पट पुन्हा सत्तरीच्या वर गेला. गावानं नाकं मुरडली. ॲव्हरिलनंही मुरडली, पण ती नावं अचूक उच्चारायला शिकणारी पहिली तीच. नव्या मुलाच्या आईला ती तीन-तीनदा नाव म्हणायला लावायची आणि आपल्या वहीत जसं ऐकलं तसं लिहून ठेवायची.

मग ते मतदान झालं, युरोपच्या संघातून देशानं बाहेर पडायचं की नाही याचं. त्यानंतर एकेक कुटुंब निघालं. रिकाम्या झालेल्या घरांत दक्षिणेकडून निवृत्त जोडपी येऊ लागली. गल्लीत सामानाचा ट्रक दिसला की ॲव्हरिल कुंपणाशी हजर.

"मुलं आहेत का हो तुम्हाला?"

"आहेत ना! दोघंही ऑस्ट्रेलियात. आम्ही दोघं आणि दोन कुत्री."

"कुत्र्यांची नावं पटावर घालता येत नाहीत," असं ती परत आल्यावर मला म्हणायची. म्हणताना हसायची, पण हात पोटावर असायचा. पोटातल्या आगीच्या गोळ्या ती तेव्हापासूनच घ्यायला लागली होती.

जूनमध्ये शाळा चालवणाऱ्या कौन्सिलचं पत्र आलं. ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी मोजदाद. पट चाळीसच्या खाली गेला, तर शाळा नऊ मैलांवरच्या मोठ्या शाळेत विलीन करण्याचा विचार होईल. सप्टेंबरात आमचा पट भरला बेचाळीस. वर फक्त दोन.

त्या महिन्यात ॲव्हरिल वाळून गेली. सकाळी खुंट्यांवरचे कोट मोजायची, दुपारी जेवणाच्या रांगेत डोकी मोजायची. एखादं पोर तापानं घरी राहिलं तरी फोन करायची, "ताप आहे ना नक्की? दुसरं काही नाही ना?" मी चिडवायचे, "बये, उद्या तू त्यांच्या पलंगाखाली जाऊन बसशील."

मोजदादीच्या आठवड्यातल्या सोमवारी शाळा सुटताना रासा फाटकाशी आली. रासा लिथुआनियाची, चौदा वर्षांपासून गावात. भाजीच्या कारखान्यात कामाला. तिची तीन मुलं आमच्याकडे होती: इग्नास, उग्ने आणि धाकटी कोत्रिना.

"मिसेस थर्लबी, आम्ही बुधवारी सकाळी निघतोय. कायमचे. आईला झटका आलाय, बोलता येत नाहीये तिला. आणि इकडे नवऱ्याचं कामही अर्ध्यावर आलंय."

ॲव्हरिल म्हणाली, "अरेरे, फार वाईट झालं." मग स्वयंपाकघरात येऊन पिठाच्या डब्यावर बसली. चेहरा त्या पिठासारखाच.

"बेचाळीसातून तीन," ती म्हणाली.

"दोनच दिवसांचा प्रश्न आहे गं," मी म्हणाले. "शुक्रवारी निघाले तर काय बिघडतं? विचारून तरी बघ."

खरं सांगायचं तर मला माझ्या नोकरीची धास्ती होती. एकसष्टाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण घेणार?

मंगळवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी रासाकडे गेलो. मी मनुकांचा पाव भाजून नेला होता, रिकाम्या हातानं जायला लाज वाटली म्हणून. घरभर खोकी पडली होती. मुलं जिन्यात बसून आमच्याकडे बघत होती. रासानं त्यांना वर पिटाळलं, आम्हाला चहा दिला आणि स्वतः उभीच राहिली.

ॲव्हरिलनं सगळं सांगितलं. पत्र, चाळीसचा आकडा, गुरुवार. शेवटी म्हणाली, "दोनच दिवस थांबलात तर..."

हातातली चिकटपट्टी रासानं टेबलावर ठेवली.

"चौदा वर्षं मी इथं कोबी भरला. दुकानात लोक मला ऐकू जाईल असं म्हणायचे, यांच्यामुळे दवाखान्यात जागा मिळत नाही, शाळेत जागा मिळत नाही. आणि आता माझी मुलं तुम्हाला कमी पडतात?"

"मी तसं कधी म्हटलं नाही, रासा."

"तुमची स्वतःची नातवंडं कुठं शिकतात?"

ॲव्हरिलचा मुलगा डंकन लीड्सला असतो. दोन नाती आहेत. ॲव्हरिल खाली बघून म्हणाली, "लीड्सला."

"मग त्यांना आणा की दोन दिवस!"

मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात ॲव्हरिल बोलली. आवाज इतका बारीक, की मला पुढे वाकावं लागलं. "मी त्या वेळी बाहेर पडायच्या बाजूनं मत दिलं होतं. क्लाइव्हनं, माझ्या नवऱ्यानं, दिलं म्हणून मीही दिलं. तुम्ही जाल असं मला वाटलंच नव्हतं. मला वाटलं, आणखी येणार नाहीत, एवढंच."

"माहीत आहे मला," रासा म्हणाली. "तुमच्या खिडकीत 'बाहेर पडा' असा फलक होता. मी रोज मुलांना घेऊन त्याच्यासमोरून यायचे."

दोन वर्षं ॲव्हरिलची समजूत, की हे फक्त नवऱ्याला आणि मला ठाऊक आहे! खिडकीतला फलक ती पार विसरली होती. तिचा चेहरा लालबुंद झाला. रासा मात्र आता खुर्चीत बसली.

"तरीही या गावात माझ्या मुलांची नावं नीट घेणाऱ्या तुम्ही एकट्याच," ती म्हणाली. "मी थांबले असते, मिसेस थर्लबी. पण बहीण म्हणते, आई शुक्रवारपर्यंत काढेल की नाही सांगता येत नाही. एक करा. मी शाळा सोडल्याचं पत्र अजून दिलेलं नाही. देतच नाही. तुम्हाला काही कळलंच नव्हतं असं समजा."

ॲव्हरिलनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. मग ती उठली, चिकटपट्टी उचलली आणि म्हणाली, "हे खोकं खालून फाटेल. दोन पट्टे हवेत याला." तासभर आम्ही तिघी खोकी बांधत बसलो. पाव मुलांनी वर बसून संपवला.

बुधवारी सकाळी त्यांची गाडी शाळेवरूनच गेली. उग्नेनं खिडकीतून हात केला. ॲव्हरिल फाटकात उभी होती, तीही हात करत राहिली.

गुरुवारी दहा वाजता पिंचबेकसर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, कचेरीत आले. भला माणूस, पण त्यांनाही घर चालवायचं होतं.

"ॲव्हरिल, त्या तीन मुलांचं लेखी काही आलंय का?"

"नाही सर."

"मग ती नियमानं आपल्या पटावरच आहेत, नाही का?"

"कागद आला नाही सर. पण काल गाडी गेलेली मी पाहिली. त्यांच्या आईनं मला सांगितलं."

"मला कुणी काही सांगितलेलं नाही," सर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. "बघा. तुम्हीच ठरवा."

मी चमचा खाली ठेवला. भांडं करपत होतं, ते कळत असूनही मी हलले नाही. शेवटी टाइप केल्याचा आवाज आला. दोनच कळा. खिडकीच्या फटीतून मी विचारलं, "काय लिहिलंस?"

"एकोणचाळीस."

मला इतका राग आला, की गुरुवार-शुक्रवार मी तिच्याशी बोलले नाही. सोमवारी मीच चहा घेऊन कचेरीत गेले. "का गं?" असं विचारलं. ती म्हणाली, "ती माणसं इथं होती तेव्हा आम्ही त्यांना आपल्यात धरलं नाही. आता नसताना आहेत म्हणून दाखवायचं? मला बोटं हलवता येईनात, लिनेट." आणि रडली. तिच्या कपाटात त्या वेळी पोटाच्या गोळ्यांच्या चार रिकाम्या बाटल्या होत्या.

नोव्हेंबरात गावसभा झाली. दक्षिणेकडची म्हातारी जोडपी झाडून आली आणि शाळा राहिलीच पाहिजे म्हणून तावातावानं बोलली. कौन्सिलच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपल्यापैकी किती जणांची मुलं या शाळेत येतील?" सभागृहात कुणी हात वर केला नाही. जानेवारीत निर्णय आला. जुलैपर्यंत शाळा, मग बंद.

फेब्रुवारीत रासाचं पत्र आलं, मुलांच्या दाखल्यांसाठी. ॲव्हरिलनं ते मला उभ्यानंच वाचून दाखवलं. आई जगली होती, डाव्या हातानं जेवत होती. आणि खाली लिहिलं होतं: "आमच्या खेड्यातली शाळाही बंद होणार होती. इथली सगळी तरुण माणसं तुमच्याकडे आणि जर्मनीत गेली ना. आमच्या तिघांमुळे पट पुरा झाला. मुख्याध्यापकांनी पहिल्या दिवशी केक कापला. उग्नेला गणित इंग्रजीत सुचतं, म्हणून मुलं हसतात."

ॲव्हरिल पत्र घडी करत म्हणाली, "कुठली तरी एक शाळा राहिली." त्याच दिवशी दुपारी तिनं तिन्ही दाखले तयार केले, नावांच्या अक्षरांवर त्यांच्या भाषेतल्या खुणा पेनानं रेखल्या आणि स्वतः टपालात टाकून आली.

शाळा बंद झाल्यावर मला त्या नऊ मैलांवरच्या शाळेत भांडी घासायचं काम मिळालं. पिंचबेकसर किनाऱ्याकडे कुठेतरी गेले. ॲव्हरिलनं आणि क्लाइव्हनं पुढच्या वसंतात घर विकलं आणि लीड्सला मुलाजवळ भाड्यानं जागा घेतली. निघताना ती मला म्हणाली, "मी जाणार नाही असंच वाटायचं मला, शेवटपर्यंत."

ती दर रविवारी फोन करते. तिकडे बसमध्ये तिचं बोलणं ऐकून लोक विचारतात म्हणे, "तुम्ही कुठल्या?" पहिल्यांदा तिला राग यायचा. आता सांगते, लिंकनशायरची, आणि पुढचा प्रश्न, इकडे कशाला आलात, यायच्या आत पिशवी उचलून दाराकडे सरकते. मागच्या रविवारी शेजारी एक नवीन बाई राहायला आल्याचं सांगत होती, कुठल्या देशाची ते अजून कळलेलं नाही. नाव मात्र तिनं तीनदा म्हणवून घेतलंय.