फुगलं तर कुलूप

सुताराच्या दुकानात भुसा कितीही झाडा, कोपऱ्यात मूठभर उरतोच. आमच्या दुकानातल्या किश्श्यांचंही तसंच आहे. सांगून सांगून संपले म्हणते, तोवर कुणाच्या तरी घरी ओट्याखालचं दार करकरतं आणि नवा एखादा आठवतो. त्यात आमचा तर मालच भुशाचा!

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. सावेडीकडे नवी नवी घरं उठत होती आणि प्रत्येक बाईला ओट्याखाली कपाटं हवी होती. सागवान परवडणाऱ्यातलं नव्हतं. म्हणून रफिकभाईंनी नगरात रेडिमेड किचनचं दुकान काढलं. भुसा आणि सरस दाबून केलेल्या फळ्या, वरून सनमायका. सगळे भाग सुटे, खोक्यात बांधलेले. घरी न्यायचे, स्क्रू पिळायचे, की कपाट उभं! फिटिंगला बबन, श्रीगोंद्याकडचा गडी. आणि काउंटरवर मी. ऑर्डर घ्यायची, फोन उचलायचा, शिव्या खायच्या. माझा स्वभाव मुळात उतावळा, एका जागी बूड टेकत नाही. आणि नोकरी लागली ती अशा दुकानात, जिथे दिवसभर 'आज कुणाचं फुगलं?' याचीच धास्ती.

उद्घाटनाला भाईंचे अब्बा आले होते. जुने सुतार, नगरातल्या कितीतरी घरांची सागवानी दारं त्यांच्या हातची. त्यांनी एका फळीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. 'भद्' असा आवाज आला. मग शेजारच्या लाकडी स्टुलावर केलं. 'टण्!'

"झाड कापताना जे खाली पडतं, ते तू विकणार व्हय?" एवढंच बोलले आणि पेढा न घेता गेले.

तेव्हापासून भाईंना सवय लागली. येता-जाता दिसेल त्या फळीवर टकटक करायचे आणि 'भद्' ऐकून उसासा टाकायचे.

* * *

अशा सुट्या भागांच्या मालाला तेव्हा 'नॉकडाऊन' म्हणायचे. भाईंनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'नॉकडाऊन किचन'.

दुसऱ्याच दिवशी भिंगार कॅम्पातले एक रिटायर सुभेदार आत आले. मिशा पिळलेल्या, छाती पुढे. म्हणाले, "मी पलटणीत बॉक्सिंग खेळलोय. नॉकडाऊन म्हणजे आडवा पडलेला गडी. पडलेली वस्तू फौजी विकत घेत नसतो!"

भाई हात जोडून म्हणाले, "साहेब, पडलेलं आहे म्हणून तर स्वस्त आहे. तुमच्या घरी येऊन उभं राहील."

सुभेदारांनी घेतलं. पावसाळ्यानंतर त्यांचा फोन आला, "अरे, तुझा गडी परत आडवा झाला! आता दहा आकडे मोजू का?"

* * *

आता मुख्य गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न एकच, "याला लाईफ किती?" त्यावर भाईंचं उत्तरही ठरलेलं, "वापरण्यावर आहे." या उत्तरावर आम्ही निम्म्या सावेडीला माल विकला होता.

एक दिवस भिंगारच्या सोनवणे बाई आल्या. प्राथमिक शाळेत शिकवायच्या. मिस्टर मिलिटरीच्या स्टोअरमध्ये कामाला. क्वार्टर सोडून स्वतःचं नवीन घर बांधलं होतं, दोघांच्या पगारातून विटेवर वीट ठेवून. "जयभीम भाई," म्हणाल्या आणि थेट विचारलं, "याला लाईफ किती?"

"वापरण्यावर आहे, बाई."

"वापरणार म्हणजे स्वयंपाकच करणार की. पाणी सांडणार, वाफ लागणार. टिकेल की नाही ते सांगा."

भाई सकाळपासून तीन तक्रारी ऐकून तापलेले होते. ते एकदम बोलून गेले, "बाई, हे फुगलं तर मी दुकानाला कुलूप लावीन!"

बबनच्या हातातला पेचकस तसाच राहिला. कारण बाजारात संध्याकाळी दुकान 'बंद कर' असंसुद्धा कुणी म्हणत नाही. 'दुकान वाढव' म्हणायचं असतं. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नसतो. आणि भाईंनी भर दुपारी, गिऱ्हाइकासमोर, स्वतःच्या तोंडानं कुलपाचं नाव काढलं होतं.

बाईंनी पदर सावरला आणि हसून म्हणाल्या, "बघा हं भाई. वर्गातली पोरं बोललेलं विसरतात, मी विसरत नाही."

त्या दिवसापासून रोज सकाळी शटर वर गेलं की भाईंचा पहिला प्रश्न, "भिंगारहून काही?"

* * *

बबन देवभोळा. कुठलंही खोकं बांधलं की वर खडूनं मोठा 'श्री' काढायचा. त्याशिवाय खोकं दुकानाबाहेर जायचं नाही.

एकदा शेवगावच्या एका आडत्याचं किचन आणि श्रीगोंद्याच्या एका बागायतदाराचं किचन, दोन्ही एकाच दिवशी निघाली. टेम्पोवाला नवा होता. त्यानं खोक्यांवर पाहिलं, सगळीकडे 'श्री'. म्हणाला, समदा माल श्रीगोंद्याचा! सगळी खोकी नेऊन बागायतदाराच्या अंगणात उतरवली.

तिकडे शेवगावचा आडत्या पाहुणे बोलावून वाट बघतोय. माझ्या कानाला फोन चिकटलेला. इकडे श्रीगोंद्याहून बागायतदाराचा निरोप, "आवो, तुमी तर माज्या बैलांनाबी किचन धाडलंय जनू!"

खोकी परत आली ती उसाच्या ट्रॉलीखाली ओल्यात राहून, पोट फुगवून. भाईंनी बबनला समोर बसवलं आणि म्हणाले, "आजपासून देवाचं नाव मनात घ्यायचं. खोक्यावर गावाचं!"

* * *

सणाच्या आधी घर धुवायची आपल्या बायकांना भारी हौस. सावेडीच्या एका काकूंनी नवरात्राच्या आधी स्वयंपाकघर धुतलं. धुतलं म्हणजे बादलीनं. कपाटांवर पाणी मारलं, खराट्यानं घासलं, परत पाणी मारलं.

आठवड्यानं फोन आला, "दारं लागत नाहीत हो! सगळी गुबगुबीत झालीत."

मी म्हटलं, "काकू, आत भुसा आहे. भुशाला पाणी चालत नाही."

"मग आधी सांगायचं ना! मी कपाट घेतलं होतं, भुसा नव्हता घेतला!"

बबननं फोन घेतला आणि उपाय सांगितला, "काकू, दारं उनात टाका. वाळत्याल."

काकूंनी गच्चीवर कुरडयांच्या शेजारी दारं वाळत घातली. कुरडया छान वाळल्या. दारं मात्र पापडांसारखी वाकली. बबन बसवायला गेला तर एक दार आत वळलेलं, दुसरं बाहेर. काकूंनी विचारलं, "आता हे उघडायचं कुठून?"

बबन दाराकडे बघून शांतपणे म्हणाला, "जिकून उघडंल तिकून."

* * *

या सगळ्या गोंधळात भिंगार गप्प होतं. पावसाळे गेले. सुभेदारांचं फुगलं, काकूंचं फुगलं, एका डॉक्टरांचं तर सिंकखाली भिजून लगदा झालं. सोनवणे बाईंचा मात्र एक फोन नाही.

तुम्ही म्हणाल, मग चांगलंच की! छे. तक्रार आली की माणूस भांडून मोकळा होतो. न आलेली तक्रार फार छळते. फोन वाजला की भाई पाण्याचा ग्लास खाली ठेवायचे. मी नंबर लिहून घेत असले की मान उंच करून बघायचे. कधी कधी स्कूटर काढून भिंगारच्या वेशीपर्यंत जायचे आणि तिथे चहा पिऊन परत यायचे. आत जायची हिंमत नव्हती. आणि माझं तरी काय, ते दुकान गेलं तर माझी नोकरीच जात होती. मीही फेऱ्या मारत बसायची, काउंटर ते शटर, शटर ते काउंटर.

'कुलूप' हा शब्द तर दुकानातून हद्दपार झाला होता. एकदा गिऱ्हाइकानं विचारलं, "ड्रॉवरला कुलूप बसतं का?" भाई ओरडले, "नाही बसत! कशालाच बसत नाही!" गिऱ्हाईक घाबरून निघून गेलं.

बाई बाजारात भेटायच्या अधूनमधून. दुरूनच बोट दाखवून म्हणायच्या, "भाई, सगळं लक्षात आहे हं!" त्या दिवशी भाईंना जेवण जायचं नाही.

शेवटी बबनच म्हणाला, "म्या जाऊन बघून येतो. बिजागऱ्यांना तेल घालतो म्हनं." तो गेला आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "समदं झ्याक हाय. येकबी फळी फुगली न्हाई."

भाईंनी त्याला मिठी मारायचं तेवढं बाकी ठेवलं. मग दर पावसाळ्यानंतर बबन सुट्टीच्या दिवशी भिंगारला तेल घालायला जायचा. परत आला की केसांत भुसा, कानामागे पेन्सिल. मी एकदा म्हटलंही, "काय रे, तेल घालायला पेन्सिल लागते?" तर म्हणाला, "ताई, सवय हाय. लगनातबी असती."

* * *

अधिक महिना म्हणजे आमच्याकडे धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं.

पाइपलाइन रोडच्या एका घरी नवा जावई जेवायला बसला होता. सासूबाईंनी वर्षाची बाजरी आमच्या भिंतीवरच्या कपाटात भरून ठेवलेली. आम्ही सांगितलं होतं की वर फक्त कपबश्या ठेवा. पण कपाट म्हटलं की बाईमाणूस रिकामं कसं ठेवणार? जावयानं पहिला घास घेतला आणि मागे धडाम्! फळी, डबे, बाजरी, सगळं जावयाच्या पाटापर्यंत.

जावई शेवगावकडचा, गमत्या. डोक्यावरची बाजरी झटकत म्हणाला, "मामी, धोंडे खायाला बोलीवलं का डोक्यात धोंडे घालायला?"

तक्रारीला सासरे स्वतः आले होते. चिडायचं सोडून हाच किस्सा तीनदा सांगून गेले. भाई मात्र हसले नाहीत. सासरे गेल्यावर मला म्हणाले, "मंगलताई, इथे भिंतीवरून पडतंय, आणि भिंगारचं पाण्याजवळ असून टिकतंय. असं कसं होईल?"

मागे बबन खोकं बांधत होता. त्यानं सुतळी जरा जोरात ओढली.

* * *

शतक संपत आलं होतं तेव्हा सोनवणे बाई रिटायर झाल्या. दुकानात येऊन आम्हा तिघांना चहाचं आमंत्रण देऊन गेल्या. "घर बघायला या. इतकी वर्षं बोलावते, भाई काही येत नाहीत."

आता टाळणं शक्य नव्हतं. भाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला. टेम्पोत तिघं बसलो. भिंगार येईपर्यंत भाईंनी तीनदा विचारलं, "बबन, नक्की झ्याक आहे ना?" आणि तीनदा बबन बाहेर बघत म्हणाला, "हाय की."

घर नीटनेटकं होतं. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली मुलांच्या पदवीचे फोटो. बाई आम्हाला सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. ओट्यावर चहाचं आधण उकळत होतं, वाफ सगळीकडे. सिंकचा नळ टपटपत होता. आणि खाली आमची कपाटं! तोच पिस्ता रंगाचा सनमायका. एक दार वाकलेलं नाही, एक कड फुगलेली नाही. भाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या वर्षांत आमचा माल एवढा देखणा आम्ही कुणाच्याच घरी पाहिला नव्हता.

भाई खाली बसले. दारावरून मायेनं हात फिरवला. आणि सवयीनं, बोटाच्या पेरानं, टकटक केलं.

'टण्!'

भाईंचा हात थांबला. त्यांनी शेजारच्या दारावर वाजवलं. 'टण्!' सिंकखालच्या फळीवर वाजवलं. 'टण्!' अब्बांच्या दुकानात लहानपणी ऐकलेला तोच आवाज. सगळं सागवान, वरून फक्त आमचा सनमायका.

भाईंनी हळूच मान वळवून बबनकडे पाहिलं. बबन एका बिजागरीचा स्क्रू पिळत होता. तो आधीच घट्ट होता.

भाई उठले. घसा खाकरून म्हणाले, "बाई... त्या दिवशी मी दुकानात कुलपाचं बोललो होतो..."

बाईंनी चहाची भुकटी टाकली, गॅस बारीक केला.

"कुठलं कुलूप, भाई? रिटायर झाल्यापासून माझ्या मेलीच्या काही लक्षातच राहत नाही बघा. साखर किती घालू?"