माझं गाणं, आप्पांच्या नावावर

आमचे आप्पा गाण्यातल्या माणसांना सल्ले द्यायचे. चाल कशी आहे, गाणाऱ्याचा गळा कसा आहे, याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसे. गाण्यातली माणसं मात्र त्यांना शेजारच्या घरात राहत असल्यासारखी वाटायची. वाट बघत रात्र जागवणाऱ्या बाईला ते म्हणत, "अगं, झोप जरा. यायचा असला तर सकाळीबी यील." माझ्या फोनातल्या गाण्यांच्या यादीत एक पंजाबी गाणं आहे, त्यात लांबलचक गाडी, काळा चष्मा आणि ऊर फुटेस्तोवर रडणं असं सगळं एकदम आहे. त्यावर आप्पांचं म्हणणं पडलं, "एवढी गाडी हाय, तर जाऊन भेट की तिला. हितं बसून काय रडतोस?"

आप्पा म्हणजे माझे सासरे. सीमाभागातल्या वडगावात घरच्या मागांवर साड्या विणण्यात त्यांचा जन्म गेला. मी निपाणीची. लग्न होऊन या घरात आले आणि महिन्याभरातच माझ्या नवऱ्यानं हौसेनं गाण्यांचं ॲप घेतलं. घेतलं ते घेतलं, बापाच्या आणि बायकोच्या फोनात एकच खातं घालून दिलं! त्यामुळे यादी दोघांची मिळून एकच. त्यांचे अभंग माझ्या फोनात आणि माझी गाणी त्यांच्या. नव्या सुनेनं पदर सावरत वावरायचं, आणि तिला काय काय आवडतं ते सासऱ्याच्या खिशात वाजत फिरायचं. पहिले काही दिवस मी त्यांच्यापुढे मान वर करून चहासुद्धा दिला नाही.

त्यांनी मात्र ती गोष्ट फार सहज घेतली. संध्याकाळी माग थांबले की सोप्यात बसून माझी गाणी ऐकायचे आणि मी भाजी निवडत असले की निकाल सांगायचे. एकाच ओळीवर घोळत बसलेल्या रिमिक्सला ते म्हणाले, "ह्याचा धोटा अडकलाय गं, कुणीतरी माग बंद करा." त्यांची स्वतःची आवड म्हणजे अभंग आणि जुनी कन्नड भावगीतं. ती डोळे मिटून ऐकत. मराठी माणसाला कन्नड गाणी कशाला लागतात, असं मी एकदा चेष्टेनं विचारलं. "कन्नडात रडलं की मोकळं वाटतंय," ते म्हणाले. "मराठीत रडलं की घरातली काय झालं म्हणून इच्यारत्यात."

आता त्या गाण्याबद्दल सांगायलाच हवं. गाणं मोठं चावट. एक बाई शिंप्याला चोळीचं माप पुन्हा पुन्हा घ्यायला लावते, एवढीच काय ती गोष्ट, आणि मधेमधे ढोलकी. शाळेत मुलांना शिस्त शिकवणारी मी, पण पोळ्या लाटताना मला तेच गाणं लागे. लाज वाटायची, पण पोळ्याही झरझर व्हायच्या! आप्पांनी ते ऐकलं तेव्हा मी पिठाच्या डब्यात तोंड घालायचं तेवढं बाकी राहिलं होतं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, "शिंपी बदलाय पायजे. कापडाचं वाटोळं करतोय त्यो."

श्रावणातल्या एका सोमवारी आमच्याकडे भजन होतं. गल्लीच्या भजनी मंडळात पहिला अभंग आप्पांनी धरायचा, हा त्यांचा मान. आमच्या घरात सगळ्यात जपलेली गोष्ट कुठली असेल तर ती. आरती झाली, प्रसाद वाटेपर्यंत चार अभंग लावू म्हणून कुणीतरी आप्पांचा फोन मोठ्या स्पीकरला जोडला. पहिला अभंग संपला आणि पाठोपाठ ढोलकी कडाडली. शिंपी आला, बाई आली, चोळी आली. बायकांनी पदर तोंडाला लावले, सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. शिऱ्याचं ताट हातात धरून मी उभी होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

मंडळाचे प्रमुख भैरूअण्णा म्हणाले, "आप्पा, हे कुणाचं?"

"माझं," आप्पा म्हणाले. "आवडतंय मला."

मी लगेच म्हणाले, "नाही अण्णा, माझं आहे ते." अगदी मोठ्यानं म्हणाले. आणि झालं काय, तर बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. गुणाची पोर, सासऱ्याची अब्रू झाकतेय, असं त्या एकमेकींना सांगायला लागल्या. पुढे मी ज्याला त्याला खरं सांगत सुटले, आणि जितकं सांगितलं तितकी मी थोर होत गेले. सासूबाईंनी मला नवी इरकल घेतली आणि आप्पांशी बोलणं टाकलं. पुढच्या सोमवारी मंडळानं पहिला अभंग दुसऱ्याला दिला. आप्पा मागे बसून टाळ वाजवत होते.

गल्लीतली पोरं त्यांना विचारायची, आप्पा, माप झालं का? ते हसून म्हणत, "आता कसलं माप रं? आमाला गुंडाळायचं ते बिनशिवलेलंच." मी एकदा रडकुंडीला येऊन, तुम्ही असं का केलंत, म्हणून विचारलं. त्यावर, तू ते गाणं काढून का टाकलंस, अशी उलट त्यांचीच तक्रार. शिंप्याचं पुढं काय झालं ते त्यांना ऐकायचं होतं म्हणे.

गेल्या थंडीत आप्पा गेले. पहिला अभंग त्यांच्याकडे परत आलाच नाही. तेराव्याला मंडळ घरी आलं तेव्हा मला राहवलं नाही. माणसांनी भरलेल्या सोप्यात मी भैरूअण्णांपुढे उभी राहिले आणि म्हणाले, "अण्णा, आता तरी खरं माना. ते गाणं माझं होतं."

अण्णांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "ठावं हाय पोरी. आप्पा दुसऱ्या दिवशीच आलतं माझ्याकडं. म्हणालं, सून सांगाय यील, तिचं खरं मानू नका. मी म्हटलं, तुमचा अभंग जाईल. तर म्हणालं, मला हसतील आन् इसरतील. सुनंचं कोण इसरत न्हाय."

मला हुंदका आवरेना. तोवर अण्णांनी सोप्याकडे तोंड फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लई रंगेल हुतं आमचं आप्पा. आन् ही बघा, अजून झाकतीया."

बायकांनी कौतुकानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी शरमेनं मान खाली घातली, ती कुणी वर करायला सांगितलं तरी होईना.