ट्रॅक्टरच्या तोंडाला पलंगाची जाळी

आमचा ट्रॅक्टर रस्त्यानं निघाला की समोरून येणारी माणसं आधी त्याच्या तोंडाकडे बघतात, मग वर बसलेल्या आमच्या ह्यांच्या तोंडाकडे, आणि मग हसतात. कारण ट्रॅक्टरच्या तोंडावर दोन मोर आहेत. लोखंडी, समोरासमोर माना केलेले, मध्ये एक कमळ. कोणी विचारलं तर मी लपवत नाही. तो पलंग आहे. म्हणजे माझ्या लग्नात आलेल्या पलंगाची उशाकडची जाळी आहे.

आमचं गाव एरंडोल आणि धरणगावच्या मधे. घरात आम्ही दोघंच, शेजारच्या घरात माझी थोरली जाऊ, तिला मी अक्का म्हणते. अंगणात एक निंब, निंबाखाली ट्रॅक्टर, आणि एक म्हातारा बैल. पूर्वी दोन होते. ह्याचा जोडीदार दोन वर्षांपूर्वी गेला, मग आम्ही हा जुना ट्रॅक्टर घेतला आणि उरलेल्या बैलाला काम राहिलं नाही. बैलाचं नाव लिहीत नाही, गावात त्याच नावाचे दोन गृहस्थ आहेत आणि दोघंही वाचणारे आहेत.

तर ह्या बैलानं ट्रॅक्टरशी वैर धरलं. असं आम्हाला वाटलं.

पहिल्यांदा ट्रॅक्टरची पुढची प्लास्टिकची जाळी फुटली तेव्हा हे म्हणाले, पोरांनी चेंडू मारला असेल. नवी बसवली. आठ दिवसांनी मी सकाळी भांडी घासत होते, तर बैल आला, ट्रॅक्टरच्या पुढ्यात उभा राहिला, मान खाली घातली आणि दिली एक ढुशी. कडाक. मग परत आपल्या जागी जाऊन रवंथ करायला लागला, जसं काही घडलंच नाही. मी ह्यांना सांगितलं नाही. पण खाली हिरवं पाणी गळायला लागलं, ते काय झाकून ठेवता येतं का? शिंग रेडिएटरपर्यंत पोचलं होतं.

बांधून पाहिला. बांधला की खुंटा उपटून दाव्यासकट यायचा.

"आता बस झालं," हे म्हणाले. "चाळीसगावच्या बाजारातल्या त्या व्यापाऱ्याला फोन केलाय. रविवारी बघायला येतोय."

"म्हातारा बैल कोण घेतं?"

"हलकं काम करून घेईल कोणी. इथं बसून तो माझा ट्रॅक्टर खातोय."

हा बैल माझ्या माहेरच्या गाईचा. वासरू होता तेव्हा टेम्पोत माझ्या मांडीवर डोकं ठेवून आला होता, आणि एरंडोलपर्यंत माझा पदर चघळत होता. ते ह्यांना माहीत आहे, म्हणून सांगायची गरज नव्हती. मी एवढंच म्हटलं, "ट्रॅक्टरच्या तोंडाला लोखंडी गार्ड लावला तर?"

"दुकानातला गार्ड किती महाग आहे माहिती आहे?"

"मी घरात करून देते. फुकटात. तो लावून ट्रॅक्टर टिकला, तर बैल राहील?"

ह्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. "तू गार्ड करणार?"

"का? गोधडी येते, चूल येते, गार्ड काय वेगळा असतो?"

"बरं. रविवारपर्यंत ट्रॅक्टरला ओरखडा नाही आला, तर राहील."

तो दिवस मंगळवार होता.

गोठ्यामागे कापसाच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली तो पलंग पडून होता. त्याचे पाय केव्हाच गेले होते, पट्ट्या शेजाऱ्यांनी कशाकशाला नेल्या होत्या, पण उशाकडची मोरांची जाळी शाबूत होती. मी ओढून बाहेर काढली तेव्हा अक्का भिंतीवरून बघत होती.

"काय गं, पुन्हा संसार मांडतीस का?"

"ट्रॅक्टरचा मांडते, अक्का."

"मग त्याला हळद पण लाव."

मी माप घेतलं. फूटपट्टी सापडली नाही, म्हणून विती मोजल्या. ट्रॅक्टरचं तोंड चार विती रुंद. जाळी चांगली सात विती. दोन्ही मोरांचे पिसारे कापावे लागणार होते, त्याचं मला फार वाईट वाटलं, पण बैलापुढे मोर काय.

गावाच्या स्टँडवर एक वेल्डिंगवाला भाऊ आहे. आम्ही घरात सगळेच अहिराणी बोलतो, लिहिताना मी सोपं करून लिहिते, पण ह्या भाऊचं बोलणं त्याच्याच बोलीत लिहिलं नाही तर मजा जाते. त्यानं जाळी उलटी केली, सुलटी केली, आणि म्हणाला, "ताई, हाई ते पलंग शे."

"होता. आता गार्ड आहे."

"ट्रॅक्टर झोपाना शे का?"

"भाऊ, तू जोड ते खरं."

"माले काय, मी बठ्ठं जोडी दिसू. पण कोनी इचारं ते मनं नाव सांगू नका."

सगळं जोडून देईन म्हणाला, फक्त नाव नको, म्हणून मी त्याचं नाव सांगत नाहीये.

काम मात्र त्यानं मन लावून केलं. आमच्या जुन्या वखराची पास, म्हणजे त्याचं लांब लोखंडी पातं, आडवी टाकली, ती खालचा पट्टा झाली. मोडक्या खुर्चीचे दोन पाय उभे लावले. ट्रॅक्टरच्या पुढे वजनं अडकवायची जागा असते, तिथली भोकं बघून चार बोल्ट बसवले, म्हणजे ट्रॅक्टरच्या अंगाला वेल्डिंगचा चटका नको. जाळी आणि रेडिएटर यांच्यात चार बोटं जागा सोडली, वारं खेळायला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीची जुनी मच्छरजाळी आतून तारेनं शिवून टाकली, भुसा अडकायला. रंग घरात होता तोच, दाराला लावून उरलेला पोपटी. रंग वाळेपर्यंत गार्ड दोन दिवस त्याच्याच दुकानात राहिला. इकडे ह्यांनीही ट्रॅक्टरच्या तोंडावर दसऱ्याला बांधलेली घुंगरमाळ काढून खुंटीला टांगली होती, बोल्ट बसवायला आड येते म्हणून.

शुक्रवारी गार्ड बसला. हे भोवती एक फेरी मारून आले.

"मजबूत आहे," म्हणाले. नाखुशीनं म्हणाले, पण म्हणाले. मग ऑइल बघायला बॉनेट उघडायला गेले.

बॉनेट उघडेना. त्याची कडी असते पुढे, खाली. आणि माझ्या गार्डमधून तिथं हात जात नव्हता. मी माप घेतलं ते ट्रॅक्टरचं तोंड मिटलेलं असताना. तोंड उघडावं लागतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ह्यांनी मच्छरजाळीची तार सोडवून दोन मोरांच्या मधून हात घातला तो कोपरापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. मी साबण आणला. अक्का भिंतीवरून म्हणाली, "जरा तेल लाव, बाळंतिणीचं उरलंय माझ्याकडे."

हात निघाला. वेल्डिंगवाल्या भाऊला बोलावलं. त्यानं डोकं खाजवलं आणि विचारलं, "मंग दार करी दिऊ का?"

आणि त्यानं खरंच दार केलं. एका बाजूला दोन बिजागऱ्या, दुसऱ्या बाजूला कडी-कोयंडा. आता मोर दार उघडल्यासारखे बाजूला होतात. कोयंड्याला हे कुलूप लावायला लागले. मी म्हटलं, आतून काय पळून जाणार आहे?

ह्यांनी घुंगरमाळ परत बांधली, आता मोरांच्या गळ्यात. आणि शनिवारी सकाळी आम्ही दोघं ओट्यावर चहा घेऊन बसलो, बैलाची वाट बघत. अक्कानं आमच्याच अंगणात, ट्रॅक्टरच्या मागे, दोन खाटांवर बिबडे वाळत घातले होते. ज्वारीचे, तीळ लावलेले, पातळ पापडच ते. तीही बघायला उभी होती.

वारं आलं, घुंगरं वाजली. बैल उठला. आला, मोरांकडे बघितलं, मान खाली घातली आणि लावली ढुशी.

गार्ड हलला नाही. मी कप खाली ठेवला आणि ह्यांच्याकडे बघितलं.

"टिकला," मी म्हटलं.

गार्ड टिकला होता. हलला तो ट्रॅक्टर. ह्यांनी ब्रेक लावला नव्हता, गिअरही नव्हता, आणि आमच्या अंगणाला मागे थोडा उतार. प्लास्टिक होतं तोवर शिंग आत घुसायचं, आता सगळा जोर लोखंडावर आला. ट्रॅक्टर आपला सावकाश, नवरीसारखा मागे निघाला आणि अक्काच्या पहिल्या खाटेवर जाऊन बसला. बिबड्यांचा आवाज फार छान येतो, पण तो खाताना.

अक्कानं मोडकी खाट बघितली. मग म्हणाली, "बैल विकशील तेव्हा ह्या ट्रॅक्टरला पण वीक. जोडीनं."

हे उठले. "ओरखडा नाही आला," मी घाईनं म्हटलं.

"खाट मोडली."

"खाट ट्रॅक्टरमध्ये मोजायची नव्हती."

"व्यापारी उद्या येतोय," एवढंच बोलून ते ट्रॅक्टर पुढे घ्यायला गेले.

मी आणि अक्का तुकडे वेचत बसलो. अर्धे आमच्या तोंडात जात होते. अक्का म्हणाली, "मंगळवार ते शुक्रवार हा गप होता गं. माळ वाजली की उठतो. ती माळ त्याच्या जोडीदाराची ना?"

जोडीदाराचीच होती. आणि मला रोजची सकाळ आठवली. तो दुसरा बैल महाआळशी. कायम आडवा उभा राहायचा, जुवाखाली ह्याची डावी जागा अडवून. मग हा येऊन त्याच्या तोंडाला ढुशी द्यायचा: सरक तिकडे. तो सरकला की हा आपल्या जागेवर उभा. मग दिवसभर भांडण नाही. आणि हे ट्रॅक्टर लावायचे कसा? सावलीसाठी डावी बाजू भिंतीला अगदी चिकटवून, म्हणजे बैलाची जागा बंद.

मी ह्यांना जाऊन सांगितलं. ते हसले. मग हसायचे थांबले.

"मग माळ काढून टाकू?" मी विचारलं.

त्यांनी माळेला हात लावला, पण काढली नाही. "राहू दे," म्हणाले. "सवय झालीये आवाजाची."

"मग डावी बाजू मोकळी सोडून लावा. आणि ब्रेक लावा."

रविवारी सकाळी ट्रॅक्टर निंबाच्या उजवीकडे उभा होता, भिंतीशी बैलाएवढी जागा सोडून. घुंगरं वाजली. बैल उठला, पुढे आला, बघितलं. मी डोळे मिटून घेतले. काहीच आवाज आला नाही. उघडले तर तो ट्रॅक्टरच्या डाव्या अंगाला जाऊन उभा, तोंड शेताकडे, अगदी मोरांच्या ओळीत. मान घासायला वखराची पास बरी सापडली होती. डोळे मिटून घासत होता.

तेवढ्यात व्यापारी आला. मोटारसायकल लावली, रुमाल झटकला, आणि तिथंच थबकला. पोपटी मोर, कुलूप, घुंगरं, आणि शेजारी जुवाला आल्यासारखा उभा राहिलेला बैल. त्यानं बैलाचे दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, आणि ह्यांना विचारलं, "आबा, हाच द्यायचाय ना?"

हे बैलाकडे बघत होते. मग ट्रॅक्टरकडे. मग माझ्याकडे नाही, अक्काकडे बघितलं, ती भिंतीवर कोपर टेकून उभी होती.

"भाऊ, तुम्हाला उगाच फेरी पडली," हे म्हणाले. "आम्ही जोडी फोडत नसतो."

व्यापाऱ्यानं ट्रॅक्टरकडे एकदा नीट बघून घेतलं. मग चहा प्यायला, सोबत बिबड्याचे तुकडे खाल्ले, आणि जाताना कुलपाला हात लावून बघितला, खरंच बंद आहे का म्हणून.